मेव्हनवाल्या टीममध्ये क्लोजरचं वेब ॲप: लाइनिंगन न आणता जमेल का?

पोमधारी:
नमस्कार मंडळी. आमची टीम पूर्णपणे जावावाली. बिल्ड मेव्हनवर (जावाचं बिल्ड टूल), सीआय म्हणजे आपोआप होणारं बिल्ड आणि टेस्टही मेव्हनवर, जार (कोड बांधलेली फाइल) बनली की पुढे ती कुठे जाते हेही सगळं ठरलेलं. आता ऑफिसातल्या वापरासाठी एक लहानसं वेब ॲप करायचंय, लॉगिन, दोनचार फॉर्म, काही रिपोर्ट एवढंच, आणि ते क्लोजरमध्ये, म्हणजे जावाच्याच जेव्हीएमवर चालणाऱ्या दुसऱ्या भाषेत, करायला कशीबशी परवानगी मिळालीये. पण अट अशी की बिल्डचं नवीन टूल आणायचं नाही. म्हणजे क्लोजरवाल्यांची नेहमीची दोन टूलं, लाइनिंगन नाही आणि डेप्स डॉट ईडीएनसुद्धा नाही. नेटवर जो लेख उघडावा तो पहिल्याच ओळीत लाइनिंगन टाका म्हणतो आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं. नुसत्या पोम फाइलवर (मेव्हनची कॉन्फिग) कोणी हे चालवलंय का? आणि चालवलं असेल तर रोजचं काम कसं करता, म्हणजे रेपल (कोड टाकून लगेच चालवून बघायची खिडकी), टेस्ट, शेवटची जार, हे सगळं?

रात्रपाळी:
टाका की लाइनिंगन, काय त्यात एवढं. आतून तेही डिपेंडन्सी मेव्हनच्याच यंत्रणेने उतरवतं, उतरवलेल्या जार ठेवायचा डॉट एम२ फोल्डर पण तोच. साहेबांना सांगा नवीन काही नाहीये म्हणून.

पोमधारी:
रात्रपाळी, सांगून झालं. अट टूलची नाही हो, सीआयच्या इमेजमध्ये काय टाकायचं ते दुसरी टीम ठरवते आणि त्यांच्याकडे तिकीट टाकलं की ते तिथेच वयात येतं.

कंसराव:
जमतं, आणि वाटतं त्यापेक्षा बऱ्याच कमी कटकटीत जमतं. जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न वरचेवर येतो आणि उत्तर म्हणून लोक थेट प्लगिनचं नाव फेकतात.

जेव्हीएमच्या दृष्टीने क्लोजर म्हणजे एक जार आहे, बाकी काही नाही. ग्रुप ओआरजी डॉट क्लोजर, आर्टिफॅक्ट क्लोजर, मेव्हन सेंट्रल या जावाच्या सार्वजनिक साठ्यावरच मिळते. आणि क्लोजरचा कोड आधी कंपाइल करून ठेवलाच पाहिजे असं अजिबात नाही. क्लासपाथवर सीएलजे फाइल सापडली की रनटाइम ती वाचतो आणि तिथल्या तिथे बाइटकोड करून मेमरीत चढवतो. म्हणजे मेव्हनला तुमचा क्लोजर कोड हा कोड आहे हे कळायचीसुद्धा गरज नाही, त्याच्यासाठी ते रिसोर्स आहेत, प्रॉपर्टीज फाइली असतात तसे. हे एकदा पटलं की क्लोजरचं प्लगिन कुठलं घ्यायचं हा प्रश्नच उरत नाही.

तर पोममध्ये करायचं काय. क्लोजरची डिपेंडन्सी टाका. क्लोजार्सची रिपॉझिटरी (क्लोजर लायब्रऱ्यांचा साठा) टाका, कारण रिंग, कंपोजर, रेइटिट वगैरे वेबची बहुतेक मंडळी सेंट्रलवर नाहीत, तिथे आहेत. मग बिल्डच्या रिसोर्सेसमध्ये एसआरसी मेन क्लोजर हा फोल्डर जोडा. इथे एक खड्डा आहे, पोममध्ये स्वतः रिसोर्सेस लिहिले की मेव्हनचा ठरलेला एसआरसी मेन रिसोर्सेस आपोआप येत नाही, तोही परत लिहावा लागतो, नाहीतर लॉगिंगची कॉन्फिग गायब होते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. आणि क्लोजरच्या फोल्डरला फिल्टरिंग चालू करू नका, आपल्या कोडमध्ये ॲट आणि डॉलर जागोजागी असतात, तिथे मेव्हनने हात घालायलाच नको.

आता सुरुवात कुठून होणार. एक जावाचा मेन क्लास लिहा, खराखुरा जावा, चारपाच ओळी. क्लोजर डॉट जावा डॉट एपीआय या पॅकेजमध्ये क्लोजर नावाचाच क्लास आहे, १.६ पासून. त्याच्या व्हार मेथडने क्लोजर डॉट कोअरमधलं रिक्वायर मागून घ्यायचं, तुमच्या नेमस्पेसचं (क्लोजर कोडच्या गटाचं) नाव त्याच क्लासच्या रीड मेथडमधून काढून रिक्वायरच्या इन्व्होकला द्यायचं, मग तुमच्या नेमस्पेसमधलं स्टार्ट नावाचं फंक्शन तसंच व्हारने घेऊन इन्व्होक. संपलं. जेन-क्लास (क्लोजरमधून जावाचा क्लास बनवणं) नाही, आधी कंपाइल करणं नाही, जारच्या मॅनिफेस्टमध्ये नेहमीसारखा जावाचा क्लास. सीआयवाल्यांना कळणारही नाही आत काय आहे.

वेबचा भाग तर याहून सोपा. रिंगमध्ये हँडलर म्हणजे एक फंक्शन, रिक्वेस्टचा मॅप घेतो आणि स्टेटस, हेडर्स, बॉडी असलेला मॅप परत देतो. जेटी या वेब सर्व्हरच्या अडॅप्टरला तो हँडलर आणि पोर्ट दिला की सर्व्हर उभा. रेपलमधून चालवताना जॉइन हा पर्याय फॉल्स द्या नाहीतर रेपल तिथेच अडकून बसेल. आणि हँडलर देताना नुसतं नाव देऊ नका, व्हार (त्या नावाचा संदर्भ) द्या, म्हणजे फंक्शन परत इव्हॅल्युएट केलं की चालू सर्व्हरमध्ये नवीन कोड लगेच दिसतो.

जारवाली:
कंसरावांशी ९० टक्के सहमत. एक भर घालते. क्लोजर १.९ पासून स्पेकच्या दोन छोट्या जार सोबत लागतात. मेव्हन त्या आपोआप आणतं त्यामुळे तुम्हाला जाणवणार नाही, पण कोणी जुना लेख बघून नुसती क्लोजरची जार क्लासपाथवर देऊन चालवायला गेलं तर सुरूच होत नाही, आणि मग लोकांना वाटतं क्लोजरच बिघडलंय.

आणि क्लोजरचं व्हर्जन तुमच्या पोममध्ये स्वतः लिहाच. मेव्हनमध्ये डिपेंडन्सीच्या झाडात जो जवळ असेल तो जिंकतो, नवा असेल तो नाही, आणि लायब्रऱ्या क्लोजरची जुनी जुनी व्हर्जन मागत असतात. ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल नवं व्हर्जन उचलतं, डेप्स डॉट ईडीएनवालं टूलही नवंच उचलतं, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या प्रोजेक्टमधली लायब्ररींची यादी जशीच्या तशी पोममध्ये उतरवली तरी हाती येणारं व्हर्जन वेगळं असू शकतं. डिपेंडन्सी ट्री काढून बघायची सवय असू द्या.

पोमधारी:
कंसराव, जारवाली, खूप आभार. रिसोर्सचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण पहिल्याच पायरीवर अडलोय. क्लोजार्सवरून काही उतरतच नाहीये, एररमध्ये मेव्हन डिफॉल्ट एचटीटीपी ब्लॉकर असं काहीतरी दिसतंय. आणि कंपोजरचा ग्रुप आयडी काय द्यायचा? लेखात चौकोनी कंसात नुसतं एकच नाव आहे.

मिरर_मिरर:
पोम कुठल्यातरी जुन्या लेखातून उचललाय तुम्ही. क्लोजार्सचा पत्ता एचटीटीपीने लिहिलेला असणार. २०२१ मध्ये आलेल्या मेव्हन ३.८.१ पासून साध्या एचटीटीपीवरच्या बाहेरच्या रिपॉझिटरी बंद केल्यात. एस लावा, चालेल.

तरी चालत नसेल तर सेटिंग्ज फाइल बघा. मोठ्या ऑफिसात बहुतेक मिररऑफमध्ये फुली म्हणजे स्टार असतो, सगळ्या रिक्वेस्ट ऑफिसातल्या रिपॉझिटरी सर्व्हरकडे, नेक्ससकडे किंवा आर्टिफॅक्टरीकडे, वळतात, मग तुम्ही पोममध्ये क्लोजार्स दहा वेळा लिहा, कोणी विचारत नाही. तिथल्या ॲडमिनला क्लोजार्सचा प्रॉक्सी जोडून ग्रुपमध्ये टाकायला सांगावं लागतं. हे एक तिकीट मात्र टाळता येणार नाही, आत्ताच टाका.

ग्रुपचं: नावात तिरकी रेघ नसेल तर ग्रुप आणि आर्टिफॅक्ट दोन्ही तेच. कंपोजर कंपोजर. रेघ असेल तर आधीचा ग्रुप, नंतरचा आर्टिफॅक्ट.

रात्रपाळी:
"तिथेच वयात येतं" 😂 हे कुठेतरी लिहून ठेवतो.

विनाप्लगिन_नको:
मला कंसरावांचा सल्ला थोडा अर्धवट वाटतो, राग मानू नका. प्लगिन का नको? क्लोजर मेव्हन प्लगिन कितीतरी वर्षं आहे, कंपाइल, टेस्ट, रेपल, एनरेपल (एडिटरला जोडायचं रेपल) सगळे गोल, म्हणजे मेव्हनची कामं, देतं, एसआरसी मेन क्लोजर आणि एसआरसी टेस्ट क्लोजर हे फोल्डर त्याला आधीच ठाऊक असतात. रिसोर्स म्हणून ठेवलं की बिल्डच्या वेळी काहीच तपासलं जात नाही, कंस चुकला तरी बिल्ड हिरवं, आणि प्रोडक्शनला सुरू करताना आपटलं. जावावाल्या टीमला हे कसं झेपणार, त्यांना बिल्ड फुटणं म्हणजे भरवसा वाटतो. शिवाय आधी कंपाइल केलेली जार सुरूही लवकर होते, मोठ्या ॲपमध्ये तो फरक चांगलाच जाणवतो.

कंसराव:
राग कसला. मुद्दा बरोबर आहे पण त्यावरचं औषध म्हणजे टेस्ट. एकच टेस्ट जरी मेन नेमस्पेस रिक्वायर करत असली तरी चुकलेला कंस, न सापडलेलं नाव, सगळं बिल्डमध्येच पकडलं जातं, कारण लोड करणं म्हणजेच कंपाइल करणं. सुरुवातीच्या वेळेचं म्हणाल तर खरंय, पण ऑफिसातलं फॉर्मांचं ॲप दिवसातून किती वेळा रीस्टार्ट होणार.

कंपाइलची गोम वेगळीच आहे. एओटीमध्ये, म्हणजे आधी कंपाइल करण्यात, क्लोजर नुसती फाइल वाचत नाही, नेमस्पेस खरोखर लोड करतो, म्हणजे वरच्या पातळीवर जे काही डेफ आहे ते सगळं चालतं. कोणी डेफमध्ये डेटाबेसचा पूल उघडून ठेवला असेल तर सीआयच्या मशीनवर बिल्ड चालू असताना डेटाबेसला जोडायचा प्रयत्न होतो. तिथे डेटाबेस नसला तर बिल्ड फुटतं, आणि असला तर त्याहून वाईट, पूलचे थ्रेड जिवंत राहतात आणि कंपाइल होऊनही बिल्ड लटकून राहतं. एकही एरर नाही, नुसतं लटकलेलं. असल्या गोष्टी डिलेमध्ये (गरज पडल्यावरच चालणारा कोड) ठेवा किंवा स्टार्ट फंक्शनच्या आत उघडा, इंटिग्रंट किंवा माउंट या त्यासाठीच्या लायब्रऱ्या घेतल्यात तर उत्तमच. प्लगिन घ्या न घ्या, ही शिस्त लागतेच.

दुसरं, एओटी पसरतं. एका नेमस्पेसला कंपाइल करायला सांगितलं की ती ज्यांना रिक्वायर करते ते सगळे, लायब्रऱ्यांसकट, तुमच्या टार्गेट क्लासेसमध्ये येऊन बसतात. ॲपसाठी चालतं. पण हेच मॉड्यूल दुसऱ्या मॉड्यूलची डिपेंडन्सी होणार असेल तर तुम्ही रिंगचे तुमच्या व्हर्जनचे क्लास गुपचूप सगळ्यांना वाटताय. लायब्ररी म्हणून जाणाऱ्या जारमध्ये एओटी नको म्हणजे नको.

जारवाली:
एओटीवरून अजून एक, हे फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही म्हणून इथे नोंदवते. जारमध्ये एकाच नेमस्पेसची सीएलजे पण आहे आणि क्लास पण, तर क्लोजर दोघांची वेळ बघतो आणि क्लास फाइल सोर्सपेक्षा नवी असेल तरच क्लास घेतो. आता हल्ली लोक बिल्ड दर वेळी बाइट टू बाइट सारखं यावं म्हणून मेव्हनमध्ये आउटपुट टाइमस्टँप ही प्रॉपर्टी ठेवतात, त्याने जारमधल्या सगळ्या फाइलींची वेळ एकच होते. झालं, क्लास नवा नाही, सारखाच आहे, म्हणून क्लोजर सोर्स उचलून परत कंपाइल करतो. ॲप व्यवस्थित चालतं, फक्त एओटीचा काही उपयोग होत नाही आणि सुरू व्हायला पूर्वीएवढाच वेळ घेतं, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एओटी करणार असाल तर शेवटच्या जारमधून आपल्या सीएलजे फाइली वगळा.

विनाप्लगिन_नको:
जारवाली, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे ती प्रॉपर्टी आहे. बघतो.

नवा_कंस:
एक बाळबोध प्रश्न. माझी नेमस्पेस रिपोर्ट-ॲप डॉट कोअर अशी आहे, फाइलही त्याच नावाच्या फोल्डरमध्ये आहे, रिसोर्स म्हणून टार्गेटमध्ये कॉपी झालेली डोळ्यांनी दिसतेय, तरी कुड नॉट लोकेट येतंय.

मिरर_मिरर:
एरर शेवटपर्यंत वाचा, त्यातच लिहिलंय. नेमस्पेसमध्ये आडवी रेघ असली तर फोल्डरच्या आणि फाइलच्या नावात अंडरस्कोर लागतो.

नवा_कंस:
झालं! धन्यवाद.

पोमधारी:
मंडळी, प्रगती. क्लोजार्सचं तिकीट चक्क मार्गी लागलं, जेटी उभी राहिली, पहिलं पान दिसतंय. आता टेस्ट. मेव्हन टेस्ट मारलं तर शून्य टेस्ट चालल्या म्हणतो. आणि रोजचं रेपल कसं चालू करू?

कंसराव:
शून्यच म्हणणार, मेव्हनचं टेस्ट चालवणारं शुअरफायर जावाचे क्लास शोधतं, त्याला क्लोजर टेस्ट काय माहीत. एक जेयुनिटची टेस्ट लिहा जावात, मेनसारखीच. क्लोजर डॉट टेस्ट रिक्वायर करायचं, तुमच्या टेस्टच्या नेमस्पेस रिक्वायर करायच्या, रन-टेस्ट्सला नावं द्यायची, तो जो मॅप परत देतो तो सक्सेसफुल नावाच्या फंक्शनला द्यायचा, नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे बरं का, आणि जे येईल त्यावर असर्ट ट्रू. सगळ्या क्लोजर टेस्ट मिळून रिपोर्टात एकच टेस्ट दिसते हे खरं, पण फुटली तर लॉगमध्ये पूर्ण माहिती येते. एसआरसी टेस्ट क्लोजर हा फोल्डर टेस्ट रिसोर्स म्हणून टाकायला विसरू नका, खड्डा तोच वरचा.

रेपलसाठी एनरेपल टेस्ट स्कोपमध्ये घ्या, म्हणजे शेवटच्या जारमध्ये जाणार नाही. मेव्हनच्या एक्झेक जावा गोलने क्लोजर डॉट मेन चालवता येतं, पण त्यात एक डोकेदुखी आहे. क्लासपाथवर टार्गेट क्लासेस असतो, एसआरसी नाही. तुम्ही फाइल बदलून रेपलमध्ये रिक्वायर रीलोड मारता आणि तो टार्गेटमधली जुनी कॉपी परत लोड करतो. रिंगच्या रॅप-रीलोडचंही तेच होणार. एडिटरमधून बफर इव्हॅल्युएट केला तर कळत नाही, कारण तिथे मजकूर थेट जातो, मग एके दिवशी रीलोड करता आणि सकाळचा कोड परत येतो.

म्हणून मी एक चिमुकली शेल स्क्रिप्ट ठेवतो. डिपेंडन्सी प्लगिनच्या बिल्ड-क्लासपाथ गोलने सगळा क्लासपाथ एका फाइलीत लिहून घ्यायचा, मग साध्या जावा कमांडने आधी एसआरसी मेन क्लोजर आणि एसआरसी टेस्ट क्लोजर, मग टार्गेट क्लासेस, मग त्या फाइलीतला क्लासपाथ, आणि क्लोजर डॉट मेनला डॅश एम एनरेपल डॉट कमांडलाइन. पोर्टची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पडते, एडिटरमधलं काल्व्हा किंवा सायडर त्यावरून जोडतं. पोम बदलली तरच क्लासपाथ परत काढायचा, त्यामुळे रेपल पटकन उघडतं. इंटेलिजेवाले असाल तर कर्सिव्ह प्लगिन पोम थेट वाचतं, त्यांना एवढीही गरज नाही.

ग्रेडलकर:
मेव्हनचा धागा आहे पण ग्रेडलवाले वाचत असतील तर, क्लोजरफंट नावाचं प्लगिन बघा. तिथे जार बनवताना सोर्सच जातो, एओटी हवं तर वेगळं सांगावं लागतं, पण चेक क्लोजर नावाचं टास्क नेमस्पेस कंपाइल होतात का ते तपासतं. म्हणजे वर जो वाद झाला त्यातलं दोन्हीकडचं मिळतं. क्लोजररेपल टास्क एनरेपल उघडतं, आणि टेस्टसाठी जोव्हियल आहे, ते जेयुनिट ५ ला क्लोजरच्या टेस्ट समजावून देतं. जावातली ती मधली टेस्ट लिहायची गरज नाही.

विनाप्लगिन_नको:
जोव्हियल जेयुनिट प्लॅटफॉर्मचं इंजिन आहे ना, मग कल्पना अशी की मेव्हनमध्येही...

ग्रेडलकर:
इंजिन आहे खरं, पण मी ते ग्रेडलबाहेर वापरलेलं नाही. करून बघा आणि इथे लिहा.

टॉमकॅटग्रस्त:
सगळे जेटी जेटी करताय पण आमच्याकडे वॉर फाइलच (सर्व्हरवर चढवायचं वेब ॲप) द्यावी लागते, टॉमकॅट या सर्व्हरवर. त्याचं काय?

जारवाली:
तेच तंत्र. जावात एचटीटीपी सर्व्हलेटचा एक क्लास लिहायचा, इनिटमध्ये नेमस्पेस रिक्वायर करून रिंगच्या मेक-सर्व्हिस-मेथडला हँडलर द्यायचा, जे फंक्शन मिळेल ते ठेवून द्यायचं आणि सर्व्हिस मेथडमधून सर्व्हलेट, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स देऊन बोलवायचं. जेटीचा अडॅप्टर मग टेस्ट स्कोपला, आपल्या रेपलपुरता.

पण आधी टॉमकॅट कितवं ते बघा. ९ पर्यंत जावाएक्स सर्व्हलेट हे पॅकेज, १० पासून जकार्ता सर्व्हलेट, आणि हे दोन एकमेकांना ओळखत नाहीत. रिंगमध्येही दोन वेगळे आर्टिफॅक्ट आहेत, रिंग-सर्व्हलेट जावाएक्सचं आणि रिंग-जकार्ता-सर्व्हलेट दुसरं. रिंग १.११ पासून जेटीचा अडॅप्टर जेटी ११ वर गेला म्हणजे तोही जकार्तावाला झाला, शिवाय त्याला निदान जावा ११ लागतं. मशीनवर अजून जावा ८ असेल तर क्लोजर आनंदाने चालेल, जेटी नाही.

टॉमकॅटग्रस्त:
टॉमकॅट ९, जावा ८. 🙏 रिंग-सर्व्हलेट घेतो. वाचनखूण साठवली.

पोमधारी:
टेस्ट चालल्या, स्क्रिप्टने रेपलही झकास. शेवटचं विचारतो, एकच मोठी जार हवीये. बाकी प्रोजेक्टमध्ये सगळ्या जार एकात मिसळणारं शेड प्लगिन आहे, मिनिमाइझ जार चालू ठेवून. तेच इथे उचलू का?

मिरर_मिरर:
शेड उचला, मिनिमाइझ बंद करा. ते बाइटकोड बघून कोण कोणाला बोलावतं ते ठरवतं आणि जे वापरात दिसत नाही ते काढून टाकतं. तुमचा जावाचा मेन क्लोजरचे एकदोनच क्लास ओळखतो, बाकी सगळं नावाने, रनटाइमला. शेड म्हणेल जेटी कोणी वापरत नाही आणि देईल काढून. पॅकेज रीलोकेट करणं, म्हणजे त्यांची नावं बदलणंही नको, सीएलजे फाइलीतल्या नावांना ते हात लावत नाही.

सर्व्हिसेसच्या फाइली जोडणारा ट्रान्सफॉर्मर लावा, सह्यांच्या एसएफ वगैरे फाइली वगळा, हे नेहमीचंच. क्लोजरपुरतं खास म्हणजे डेटा रीडर्स डॉट सीएलजे. एकाहून जास्त लायब्रऱ्यांत ही फाइल असली तर मोठ्या जारमध्ये एकच उरते. नुसती एकाखाली एक चिकटवून उपयोग नाही, क्लोजर त्यातला पहिला मॅप वाचतो आणि थांबतो. अशा दोन लायब्रऱ्या असतील तर मॅप हाताने एकत्र करून आपल्या रिसोर्सेसमध्ये ठेवा आणि लायब्रऱ्यांमधल्या शेडच्या फिल्टरने वगळा.

रात्रपाळी:
किंवा मोठी जार करूच नका. डिपेंडन्सी प्लगिनने सगळ्या जार एका लिब फोल्डरमध्ये कॉपी करा, मॅनिफेस्टमध्ये क्लासपाथ लिहून घ्या जार प्लगिनकडून, झिप करून द्या. वरचं एकही लफडं येत नाही. मी लाइनिंगनवाला असून सांगतोय.

पोमधारी:
रात्रपाळी, हे पटलं. आमच्या जुन्या दोन सेवा अशाच जातात, लिब फोल्डर आणि झिप, त्याचा असेंब्लीचा साचा तयारच आहे. तोच लावतो. एनरेपल टेस्ट स्कोपला आहे तर लिबमध्ये येणार नाही ना?

रात्रपाळी:
कॉपी-डिपेंडन्सीजला इन्क्लूड स्कोप रनटाइम द्या. नाही दिलात तर टेस्टवाल्या पण जार येतात, एनरेपलसकट.